शब्दाला धनी कोण?

१

सन २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरी एक लहानशी वाङ्मयीन घटना घडली. तेथील 'शिकागो सन-टाइम्स' ह्या जुन्या दैनिकाने रविवार दि. १८ मे रोजी आपल्या अंकाबरोबर उन्हाळ्याच्या दिवसांसाठी एक पुरवणी दिली आणि तीत सुटीत वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी छापली. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि खाली दोन-तीन वाक्यांचा परिचय, असा अशा याद्यांचा जो ठरलेला घाट असतो तोच हिचाही होता. इसाबेल अयेंदे, मिन जिन ली, अँडी विअर, त्याच महिन्यात पुलित्झर पारितोषिकाचा मान मिळालेले पर्सिव्हल एव्हरेट, अशी नामांकित मंडळी तीत होती. दोन दिवसांत बोभाटा झाला तो असा, की पंधरांपैकी पहिली दहा पुस्तके मुळात अस्तित्वातच नाहीत. लेखक खरे, पुस्तके मात्र कोणीच लिहिलेली नाहीत. शेवटची पाच तेवढी खरी होती. त्यांत रे ब्रॅडबरी यांची १९५७ सालची 'डँडेलियन वाइन' होती, इयन मॅक्यूअन यांची 'अटोन्मेंट' होती. आपल्या नावावर घातलेली कादंबरी आपण लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाही, असे मिन जिन ली यांना जाहीरपणे सांगावे लागले.

ज्या लेखकाने ही यादी केली त्याने ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून करवून घेतली होती आणि पडताळून न पाहता पुढे धाडली होती. निरनिराळ्या वर्तमानपत्रांना तयार मजकूर पुरविणाऱ्या ज्या संस्थेमार्फत ती आली तिनेही ती तपासली नाही. वर्तमानपत्राच्या संपादकवर्गाच्या नजरेखालून तर ती गेलीच नव्हती. 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' ह्या दुसऱ्या प्रतिष्ठित पत्रातही तोच मजकूर छापून आला. शिकागोच्या पत्राने मागाहून खेद व्यक्त केला, पुरवणी आपल्या विद्युत्-आवृत्तीतून काढून टाकली आणि त्या अंकाचे मूल्य वर्गणीदारांकडून घेतले नाही. त्याच पत्राचे सुमारे एकपंचमांश नोकर दोन महिन्यांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले होते, ही गोष्टही ह्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही घटना आम्ही लहानशी म्हणतो, कारण तीत कोणाचा जीव गेला नाही की कोणाचे घर बुडाले नाही. काही वाचक ग्रंथपालाकडे नसलेले पुस्तक मागून रिकाम्या हाताने परतले असतील, इतकेच. परंतु यंत्रावर आणि वर्तमानपत्रांवर लोकांनी विश्वास किती ठेवावा, ह्या प्रश्नाची जी चर्चा आज जगभर चालू आहे तिचे सारे धागे ह्या एका यादीत एकत्र आलेले आम्हांस दिसतात. शिवाय हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा वा कायदेपंडितांचा नव्हे. तो मुळात गद्याचा प्रश्न आहे. छापलेले वाक्य वाचून आपण त्यावर विसंबतो ते कशाच्या बळावर, हे विचारणे टीकेचे काम आहे, आणि म्हणूनच वाङ्मयाला वाहिलेल्या ह्या पृष्ठांत त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

२

प्रथम त्या दहा खोट्या परिचयांकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहू. त्यांत अद्भुत, विसंगत वा हास्यास्पद असे काही नाही. अयेंदे यांच्या नावावर घातलेल्या कादंबरीत समुद्रकाठचे गाव आहे, एका घराण्याच्या अनेक पिढ्या आहेत, जादुई वास्तव आहे आणि पर्यावरणाची चळवळ आहे. विअर यांच्या नावावर घातलेल्या कादंबरीत एका संगणकतज्ज्ञाला असा शोध लागतो, की एक यंत्र सचेतन झाले असून वर्षानुवर्षे जगाची सूत्रे गुप्तपणे हालवीत आहे. एव्हरेट यांच्या कल्पित कादंबरीत पाऊस ही श्रीमंतांनी विकत घेण्याची चीज झालेली आहे. हे लेखक ज्याला परिचित आहेत तो वाचक हे वाचून थबकणार नाही. उलट, असे पुस्तक त्यांनी लिहिणे अगदी स्वाभाविक आहे, असेच म्हणेल. प्रत्येक खोटे पुस्तक म्हणजे त्या त्या लेखकाची पडछाया आहे.

असे का व्हावे, हे यंत्राच्या रचनेतूनच कळते. ही भाषायंत्रे अफाट मजकूर वाचून एवढेच शिकलेली असतात, की अमुक शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. अयेंदे हे नाव आले की त्यामागून कोणते विषय, कोणती विशेषणे, कोणत्या घाटाची शीर्षके येतात, ह्याचा हिशेब यंत्राजवळ पक्का असतो. ते पुस्तक कोठल्या कपाटात आहे काय, ह्याचा हिशेब मात्र त्या रचनेत मूलतः नसतो. म्हणून यंत्र खोटे बोलते असे म्हणणेही नेमके नव्हे. खोटे बोलणाऱ्यास खरे काय ते ठाऊक असते आणि तो ते लपवितो. यंत्र सत्याच्या वाटेला जात नाही आणि असत्याच्याही जात नाही. ते संभाव्याच्या वाटेने जाते.

काव्याचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांस ही वाट नवी नाही. जे घडले ते इतिहासकार सांगतो, जे घडण्याजोगे आहे ते कवी सांगतो, हा भेद ॲरिस्टॉटलने फार पूर्वी केला आणि त्यात कवीचा दर्जा वरचा मानला. संभाव्यता हा ललित वाङ्मयाचा प्राणच आहे. परंतु कवी आपण कवी आहोत हे लपवीत नाही. कादंबरीच्या मुखपृष्ठावर कादंबरी हा शब्द छापलेला असतो, रंगमंचावर पडदा वर जातो, कीर्तनकार आख्यान लावतो. ऐकणाराही त्या बोलीनेच ऐकावयास बसलेला असतो. शिकागोच्या यादीत नेमका हा करार मोडला गेला. संभाव्याने वृत्ताचा वेष घेतला. कवीचे स्वातंत्र्य आणि वृत्तलेखकाचा अधिकार ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच मजकुराला मिळाल्या, आणि दोहोंपैकी एकीचीही जबाबदारी मिळाली नाही.

येथे आणखी एक कडू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ह्या दहा परिचयांत आणि शेवटच्या पाच खऱ्या पुस्तकांच्या परिचयांत शैलीचा काहीच फरक नव्हता. खऱ्या पुस्तकाचा परिचय वाचताना कोणी तरी ते पुस्तक हातात धरून वाचले आहे, एखाद्या पानाशी अडखळले आहे, एखादे पात्र त्याला आवडलेले नाही, असा मागमूसही लागत नव्हता. म्हणजे परिचय लिहिण्यासाठी पुस्तक असण्याची गरजच उरली नव्हती. ही स्थिती यंत्राने आणलेली नाही. 'वेगळ्या वाटेने जाणारी', 'अंतर्मुख करणारी', 'मनाचा ठाव घेणारी', 'एका बैठकीत वाचून संपवावी अशी' ही विशेषणे आपल्या मराठी परीक्षणांतून कित्येक वर्षे कोणत्याही पुस्तकाला लावली जात आहेत आणि ती कोणत्याही पुस्तकाला शोभतात. परीक्षणातले वाक्य पुस्तकावाचून उभे राहू शकते हे आपणच आधी सिद्ध करून ठेवले. यंत्राने ते मनावर घेतले, इतकेच. ज्या गद्याला पुस्तकाची गरज नाही त्या गद्याला लेखकाचीही गरज उरत नाही.

३

शिकागोची यादी हा एकटा अपवाद असता तर तिच्यावर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. सन २०२३ च्या प्रारंभी 'सीनेट' ह्या अमेरिकन प्रकाशनाने पैशाच्या व्यवहारांविषयी यंत्राकरवी लिहविलेले ७७ लेख तपासले, तेव्हा त्यांपैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ॲपल कंपनीच्या दूरध्वनियंत्राने बातम्यांचे सार काढताना, एका खूनखटल्यातील आरोपीने स्वतःवर गोळी झाडून घेतली, अशी साफ खोटी ओळ वाचकांस दाखविली. त्या ओळीवर नाव होते बी. बी. सी. चे. बी. बी. सी. ने तसे काहीच म्हटले नव्हते. तिच्या तक्रारीनंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने बातम्यांचे सार देणे थांबविले. चूक यंत्राची आणि अपकीर्ती भलत्याचीच, असा हा न्याय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय प्रक्षेपण संघ आणि बी. बी. सी. यांनी मिळून एक विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली. १८ देशांतील २२ सार्वजनिक प्रसारणसंस्थांच्या पत्रकारांनी १४ भाषांतून चार प्रमुख यंत्रांना बातम्यांविषयी प्रश्न विचारले आणि तीन हजारांहून अधिक उत्तरे तपासली. त्यांपैकी शेकडा ४५ उत्तरांत निदान एक तरी महत्त्वाचा दोष आढळला, आणि शेकडा ३१ उत्तरांत आधार देण्यातच गंभीर उणीव होती: आधार नाही, भलताच आहे, किंवा आधारात जे नाही ते त्याच्या तोंडी घातलेले आहे. आता ही यंत्रे उत्तर देण्यापूर्वी जालावर शोध घेऊ शकतात. तरीही दोष उरतात, आणि अधिक करून ते आधाराच्या जागी उरतात, ही गोष्ट आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते.

आपल्या देशातही हे लोण येऊन पोहोचले आहे, आणि ते वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाच्या प्रांगणात, म्हणजे सरकारी दप्तरात, पोहोचले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक करनिर्धारणाचा आदेश रद्द केला. त्या आदेशात ज्या निवाड्यांचे हवाले दिले होते ते अस्तित्वातच नव्हते. अर्धन्यायिक अधिकार चालविताना यंत्राने पुढे केलेल्या गोष्टींवर आंधळेपणाने विसंबू नये, त्या ताडून पाहाव्यात, अशा आशयाची समज न्यायालयाने दिली. त्याच्या काही महिने आधी बंगळूरच्या आयकर अपील न्यायाधिकरणावरही, नसलेल्या निवाड्यांचे दाखले आल्यामुळे, आपला आदेश मागे घेण्याची पाळी आली होती.

मुंबईच्या प्रकरणातील आदेश 'फेसलेस' म्हणविल्या जाणाऱ्या पद्धतीतला होता, म्हणजे करदाता आणि अधिकारी यांची गाठ पडू नये, ओळख असू नये, अशा योजनेतला. ह्या योजनेमागचा हेतू चांगलाच आहे. ओळखीतून जी देवघेव चालते तिला आळा घालावा म्हणून ती सुरू झाली. परंतु अधिकाऱ्याचा चेहरा झाकलेला आणि मजकुराचा कर्ताही अज्ञात, अशी गाठ पडली म्हणजे नागरिकाने बोट दाखवावे कोणाकडे? चेहरा झाकणे ही एक गोष्ट आणि चेहराच नसणे ही निराळी. पहिलीत सही असते. दुसरीत सहीचे केवळ चित्र असते.

४

तर मग छापील शब्दावरील विश्वास म्हणजे तरी काय? चुका कमी असणे म्हणजे विश्वास, असे सामान्यतः समजले जाते आणि यंत्रांचे कैवारी ह्याच समजावर आपला पक्ष उभारतात. यंत्रे दरवर्षी सुधारत आहेत. आज शंभरांत इतक्या चुका होतात, उद्या त्याहून कमी होतील. माणसे काय चुकत नाहीत? हा युक्तिवाद टाकाऊ नाही. परंतु मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासातील एक प्रकरण आठवले म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते.

'केसरी' सुरू झाला १८८१ साली. त्यानंतर वर्षही पुरते उलटले नाही तोच त्या पत्राने आणि 'मराठा'ने कोल्हापूर संस्थानच्या कारभाराविषयी, तेथील तरुण छत्रपतींच्या होणाऱ्या छळाविषयी मजकूर छापला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ संस्थानचे कारभारी रावबहादूर बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुढे केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात ती पत्रे बनावट असल्याचे दिसून आले. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार चार महिन्यांची कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिले.

ह्या प्रकरणाचा विचार करताना एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. 'केसरी'ने छापलेली पत्रे खोटी होती. यंत्राच्या भाषेत बोलावयाचे तर तो नसलेल्या निवाड्याचाच हवाला होता. अचूकपणा हाच विश्वासाचा पाया असता तर एक वर्षाचे ते पत्र तेथेच बुडावयास हवे होते. ते बुडाले नाही. उलट, दोघे तरुण संपादक सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचे स्वागत केले आणि पुढे त्या पत्राचा शब्द महाराष्ट्रात प्रमाण मानला गेला. ह्याचे कारण आम्हांस असे दिसते, की लोकांनी चुकीला क्षमा केली ती तिची किंमत भरणारी माणसे डोळ्यांसमोर होती म्हणून. शब्द चुकला; परंतु शब्दाला धनी होता. त्याला न्यायासनासमोर उभे करता येत होते, विचारता येत होते, शिक्षा करता येत होती. आणि ज्याला शिक्षा होऊ शकते तोच पुढच्या वेळी पत्र हातात आल्यावर ते उलटसुलट करून पाहतो. विश्वास ठेवणे म्हणजे समोरचा कधीच चुकणार नाही अशी खात्री बाळगणे नव्हे. तो चुकला तर त्याला ती चूक सलेल, ही खात्री म्हणजे विश्वास.

यंत्राला काही सलत नाही. त्याला डोंगरी नाही. त्याची चूक दाखवून दिली तर ते तत्काळ आणि अत्यंत विनयाने क्षमा मागते, आणि दुसऱ्याच क्षणी दुसऱ्या कोणा वाचकाला तीच चूक त्याच विनयाने देते. ज्या क्षमेची किंमत कोणीच भरत नाही ती क्षमा केवळ एक वाक्यरचना असते. यंत्रे निर्माण करणाऱ्या कंपन्या उत्तरांच्या पायथ्याशी बारीक अक्षरांत सूचना देतात, की ह्यात चुका असू शकतात, महत्त्वाच्या गोष्टी पडताळून पाहाव्यात. वर ठाम विधान आणि खाली त्याच्यापासून अंग काढून घेणारी ओळ! एखाद्या संपादकाने आपल्या पत्राच्या प्रत्येक पानाखाली असे छापावयास घेतले असते तर त्याचे पत्र किती दिवस विकले गेले असते?

शिकागोच्या प्रकरणात जबाबदारीचा प्रवास कसा झाला पाहा. वर्तमानपत्राने सांगितले, की हा मजकूर आमच्या संपादकवर्गाचा नव्हे. मजकूर पुरविणाऱ्या संस्थेने लेखकाशी संबंध तोडला. त्या लेखकाने मात्र, हे काम आपण यंत्राकडून केले आणि तपासले नाही, दोष आपलाच, असे स्पष्टपणे कबूल केले. ह्या साऱ्या साखळीत आम्हांस आदर वाटतो तो ह्या एकाच वाक्याविषयी. कारण तेथे, पुष्कळ उशिरा का होईना, शब्दाला धनी मिळाला.

५

ह्यावर कोणी असे विचारील, की मग इतके लोक यंत्रावर विसंबतात ते वेडे म्हणून काय? सन २०२५ मध्ये मेलबर्न विद्यापीठ आणि केपीएमजी यांनी प्रसिद्ध केलेल्या ४७ देशांच्या पाहणीत शेकडा ४६ लोकांनी यंत्रावर विश्वास टाकण्याची तयारी दर्शविली, आणि विकसनशील देशांत हे प्रमाण प्रगत देशांहून अधिक आढळले. त्याच वर्षीच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या जागतिक पाहणीत, बहुतेक बातम्यांवर बहुतेक वेळी आपण विश्वास ठेवतो, असे म्हणणारे शेकडा ४० निघाले. दोन्ही पाहण्यांतील प्रश्न वेगळे असल्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून यंत्र जिंकले आणि वर्तमानपत्र हरले, असा निकाल देणे गैर होईल. तरीपण वर्तमानपत्राच्या शब्दाची पत फार उंच राहिलेली नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. त्याला जबाबदार कोण?

येथे वर्तमानपत्रांची बाजू घेऊन बोलणे आम्हांस शक्य नाही. सन २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीच्या वेळी शब्दाला शब्द जुळणारा स्तुतिपर मजकूर परस्परांच्या प्रतिस्पर्धी दैनिकांत निरनिराळ्या वार्ताहरांच्या नावांनी प्रसिद्ध झाला, हे तेव्हाच उघडकीस आले होते. पैसे घेऊन छापलेल्या ह्या बातम्यांविषयी वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये विस्तृत अहवाल तयार केला. त्या मजकुराखाली नावे होती. परंतु ती नावे मजकुराची धनी नव्हती. नाव आणि शब्द यांची फारकत यंत्र येण्याच्या कितीतरी आधी, आणि चांगले मानधन घेऊन, माणसांनीच करून दाखविली होती.

अशा दूषित बाजारात यंत्राचा आवाज वाचकाला भुरळ घालतो ह्यात नवल नाही. तो आवाज चढत नाही, चिडत नाही, कोणाचा कैवार घेताना दिसत नाही. तोच प्रश्न दहादा विचारला तरी कंटाळत नाही. चांगल्या कचेरीतील चांगल्या टिपणाला जे गुण असावेत ते सारे त्याच्या भाषेत असतात: मुद्द्यांची मांडणी, दोन्ही बाजूंचा उल्लेख, शेवटी संयत निष्कर्ष. ज्यांचे आयुष्य अशी टिपणे वाचण्यात व लिहिण्यात गेले त्यांना तर ही भाषा आपल्या घरचीच वाटते. म्हणूनच सांगावेसे वाटते, की टिपणाच्या भाषेला जी प्रतिष्ठा लाभली आहे ती तिच्या वळणामुळे लाभलेली नाही. टिपणाच्या डाव्या बाजूस मूळ कागदाचा क्रमांक असतो, खाली सही असते, सहीखाली तारीख असते, आणि दहा वर्षांनी चौकशी निघाली तरी ती नस्ती कपाटातून बाहेर येते, ह्या धाकाने ती भाषा संयत झालेली आहे. यंत्राने भाषा उचलली. धाक उचललेला नाही.

६

विश्वासाची पारख कशी करावी हे शिकण्यासाठी आपल्याला परदेशी जावयास नको. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणास एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांत लेखनिकांनी आणि भाविकांनी तीत पाठभेद व पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. त्या ओव्या टाकाऊ वाटत असत्या तर त्या टिकल्याच नसत्या. त्या ज्ञानेश्वरांच्या वाटण्याजोग्या होत्या, हेच तर दुखणे होते. एकनाथ स्वतः समर्थ कवी. त्यांना सुंदर ओवी रचून घालणे कठीण नव्हते. तरीही त्यांनी आपल्या ओव्या घातल्या नाहीत, आणि पुढे जो कोणी घालील त्याला अमृताच्या ताटात करवंटी ठेवणाऱ्याच्या पंक्तीस बसविले. शोभण्याजोगे आणि असलेले ह्यांतला भेद मराठीने इतक्या पूर्वी ओळखला होता.

पुढे १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध करावयास घेतली, तेव्हा त्यांनीही हाच भेद इतिहासाच्या क्षेत्रात आणला. बखरीतील हकीकत रसाळ, ओघवती. अस्सल पत्र तुटक, कित्येकदा फाटलेले. राजवाड्यांनी विश्वास टाकला तो पत्रावर, आणि गावोगाव हिंडून ती पत्रे अडगळीतून बाहेर काढली. बखरकाराच्या बाजूने एवढे तरी म्हणता येते, की सभासदाची बखर कोणी, कोठे आणि कोणाच्या आज्ञेवरून लिहिली हे आपल्याला ठाऊक आहे. कृष्णाजी अनंत सभासद चुकला असेल तेथे तो का चुकला असावा, ह्याचा अदमास घेता येतो. यंत्राची बखर अशी आहे, की तिला कर्ता नाही, आश्रयदाता दिसत नाही आणि तिथीही नाही.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. ज्याच्या गावात मराठी ग्रंथालय आहे, शेजारी जाणता मास्तर आहे, तो शंका आली तर दोन पावले चालून विचारून येतो. बदलीच्या गावी ती सोय नसते. मुलांना एखाद्या मराठी कवीविषयी सांगावयाचे आहे, महाराष्ट्र मंडळाच्या समारंभात एखादा उतारा वाचावयाचा आहे, तर हाताशी असते ते खिशातले यंत्र. मराठीचा जो छापील ठेवा यंत्राच्या वाचनात आलेला आहे तो इंग्रजीच्या मानाने फारच तोकडा आहे, उलट, पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावाने फिरणारे, त्यांनी कधीच न लिहिलेले सुविचार आणि उतारे मात्र दूरध्वनीवरून रोज हजारोंच्या हाती पडतात. अशा ठिकाणी यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सफाईदार मराठीत येईल, आणि नेमके म्हणूनच ते ताडून पाहावयास हवे. एका पिढीने परप्रांतात बसून चुकीचा उतारा मुलांना शिकविला, तर ती मुले मोठेपणी तो दुरुस्त करावयास कोणत्या दारी जातील?

ह्यावर उपाय म्हणून बंदीची भाषा आम्ही बोलत नाही. खर्डा कारकुनाने करावा आणि सही साहेबाने करावी, ही रीत आपल्याकडे पेशव्यांच्या दप्तरापासून चालत आलेली आहे आणि तीत गैर काही नाही. यंत्राने खर्डा करावा. वर्तमानपत्रांनी, कचेऱ्यांनी, वाटल्यास परीक्षणकारांनीही त्याची मदत घ्यावी. परंतु खर्ड्यावर सही करणाऱ्याने तो आपला म्हणून वाचला पाहिजे. 'हा मजकूर यंत्राच्या साहाय्याने तयार केला आहे' अशी चिठ्ठी चिकटविण्याची सूचना अलीकडे वारंवार होते. ती चिठ्ठी असावी. पण तिच्यावर सारी भिस्त ठेवू नये. नुसत्या चिठ्ठीने कर्ता कोण नाही एवढेच कळते, जबाबदार कोण आहे ते कळत नाही. वर्तमानपत्राने चिठ्ठीबरोबर, ह्या मजकुराची रुजुवात अमक्याने घातली, असे त्याचे नाव छापावे, आणि चूक झाली तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. आज चुका पहिल्या पानावर असतात आणि दुरुस्त्या आतल्या पानावर शोधाव्या लागतात. ही जुनी खोड सोडल्यावाचून यंत्राला नावे ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संपादकाला पोहोचत नाही.

वाचकाकडूनही एक अपेक्षा आहे. दप्तरात आलेल्या कागदाकडे पाहताना, हा कोठून आला, ह्याला मूळ काय, सही कोणाची, हे तीन प्रश्न वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात आपोआप उभे राहतात. तो कागद बाजूला ठेवून सकाळचे वर्तमानपत्र हाती घेतले किंवा दूरध्वनीवर उत्तर वाचावयास घेतले, म्हणजे हीच सवय खुंटीवर टांगली जाते. ती टांगू नये. मोठ्या बातमीसाठीच ती राखून ठेवावी असेही नाही. सुटीत वाचावयाच्या पुस्तकांच्या यादीलाही ती लावावी. ज्याला हे तीन प्रश्न विचारले जातात तो लिहिणारा सावध राहतो, आणि अशा सावध लिहिणाऱ्याच्याच शब्दावर विसंबता येते.